विहीणबाईंची थंड हवा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, याची आधीच माफी मागते. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. त्यानंतर वाण्याची यादी आणि माहेरचं पत्र यापलीकडे हाताला लिहिण्याची सवय राहिली नाही. ऱ्हस्व-दीर्घ जिथं चुकेल तिथं वाचणाऱ्यानं आपल्या मनानं दुरुस्त करून घ्यावं. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना वाचता येत नाही, एवढाच काय तो धीर.

आमच्या विहीणबाईंसारखी बाई निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरी नव्हती. गावोगाव दवंडी पिटली असती तरी सापडली नसती. विहीणबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची आई. खरं तर त्या माझ्या सासूबाईंच्या विहीण, पण त्या आमच्याकडे पूर्णेला इतक्या वेळा यायच्या की स्टेशनावरचे हमाल त्यांना विहीणबाई म्हणत, टांगेवाला म्हणे, आणि एकदा तिकीट तपासणारा बाबूसुद्धा “विहीणबाई, टिकट बताव” म्हणाला होता. मी तोंडावर मावशी म्हणे. बोरीला त्यांची शेती होती, चांगली चार बैलांची. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, शेती बघत, आणि विहीणबाई आप्पांना बघत. आप्पा कधी बोलत नसत. “बरं” एवढा एकच शब्द त्यांच्याजवळ होता, आणि तोही ते जपून वापरत. आमच्या घरात पुष्कळ दिवस असा समज होता की ते मुके आहेत आणि “बरं” हा आवाज त्यांच्या चपलांचा येतो.

विहीणबाई यायच्या त्या कळवून कधी आल्या नाहीत. “कळवून येती ती पाहुणी. मी कामून कळवू?” असं म्हणायच्या. यायच्या त्या स्वतःचा पाटा-वरवंटा घेऊन. दुसऱ्याच्या पाट्याला दुसऱ्याच्या चटणीचा वास असतो, आणि त्या वासानं त्यांना उष्णता होते, म्हणून पोत्यात गुंडाळलेला पाटा त्यांच्याबरोबर आगगाडीनं हिंडे. तो आप्पांच्या मांडीवर असे. उष्णता हा त्यांचा एकच आजार होता, पण तो त्यांनी सगळीकडे पोचवला होता. डोकं दुखलं तर उष्णता, पाय मुरगळला तर उष्णता, जावयानं पत्राला उत्तर दिलं नाही तर जावयाला उष्णता. एकदा त्यांचा बैल हरवला, तेव्हा पोलीसपाटलाच्या डोक्यात उष्णता चढल्यामुळे त्याला बैल दिसत नाही असं त्यांनी चावडीवर जाऊन सांगितलं, आणि त्याच्या टाळूला लावायला लोणी नेलं. बैल दुसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून त्यांना कोणी समजावायला जात नसे.

पण त्यांचं खरं व्रत वेगळंच होतं. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर आपण वाटी रिकामी परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो, हे सगळ्यांच्याच घरी आहे. विहीणबाईंनी ते फार पुढं नेलं होतं. त्यांच्या हाती कोणाचंही कसलंही भांडं आलं की ते भरूनच परत जायचं. मग ते भांडं कशाचं आहे, कोणाचं आहे, याची चौकशी नाही. एकदा त्यांचा तांब्या गाडीत राहिला आणि गार्डानं पुढच्या खेपेला तो आणून दिला. तांब्या त्यांचाच, तरी गार्डाच्या हातून आला म्हणून त्यांनी तो दह्यानं भरून सुटत्या गाडीत गार्डाच्या हाती दिला. पुढच्या खेपेला गार्डानं तांब्या धुऊन परत आणला. त्यांनी तो पुन्हा भरला. हे पावसाळा लागेपर्यंत चाललं, मग त्या गार्डानं दुसऱ्या मार्गावर बदली मागून घेतली.

पूर्णेतल्या हकीमसाहेबांनी त्यांना काढ्याची बाटली दिली होती. काढा संपल्यावर विहीणबाईंनी बाटली तिळाच्या तेलानं काठोकाठ भरून परत पाठवली. हकीमसाहेबांनी ती न बघता फळीवर ठेवली आणि पुढच्या रोग्याला दिली. तो रोगी बरा झाला आणि आणखी एक बाटली मागायला आला. त्यानंतर विहीणबाई उष्णतेची तक्रार घेऊन गेल्या तेव्हा हकीमसाहेब म्हणाले, “माई, तुमचं औषध माझ्याजवळ नाही. तुम्ही थंड हवेच्या ठिकाणी जा. दूर जा.” आमच्या ह्यांचं म्हणणं असं की, हकीमसाहेबांनाच थोडी विश्रांती हवी होती.

विहीणबाईंनी ते मनावर घेतलं. वऱ्हाडात चिखलदरा म्हणून डोंगर आहे, तिथं साहेबलोक उन्हाळ्यात राहायला जातात, तिथं कॉफीचे मळे आहेत आणि वैशाखातही पांघरूण लागतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. झालं. जाऊबाई बाळंतीण होत्या म्हणून त्यांच्या जागी मला न्यायचं ठरलं. “तू शिकलेली हायेस. इंग्रजाच्या मुलखात पाट्या वाचाया कुणी तरी पाहिजे,” असं म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, तिथल्या पाट्या इंग्रजीत असतील. त्या म्हणाल्या, “मग न्हाई म्हणून सांगायला तरी शिकलेलंच माणूस लागतं न्हवं?”

मी एरवी गेले नसते. मला चार माणसांत बोलायची लाज वाटते, आणि परमुलखात तर माझा आवाजच बसतो. पण माझ्या मनात एक होतं. मी रेल्वेवाल्यांच्या बायकांच्या चोळ्या आणि लहान मुलांची झबली हातानं शिवून देत असे. पाच वर्षं आणा आणा साठवून माझ्याकडे पैसे जमले होते, आणि मला शिवणाचं मशीन घ्यायचं होतं. पायाचं नव्हे, हातानं फिरवायचं. आमच्या ह्यांनी चौकशी केली तर अकोल्याला एका दुकानात जुनं मशीन पंचवीस रुपयांना होतं, आणि चिखलदऱ्याची वाट अकोल्यावरूनच होती. तिकडे आपला हाली रुपया चालत नाही, इंग्रजी कलदार लागतो, म्हणून ह्यांनी बट्टा देऊन सगळे पैसे कलदार करून आणले. बरोबर पंचवीस. ते मी कमरेच्या पिशवीत शिवून टाकले. जाताना आम्ही त्या दुकानात गेलो. मशीन काळं होतं, त्यावर सोनेरी वेल होती, थोडी पुसट झालेली. मी चाकाला हात लावला तर ते लोण्यासारखं फिरलं. आत्ता घेतलं तर डोंगरावर वागवावं लागेल, म्हणून दुकानदाराला म्हटलं, म्हणजे मी विहीणबाईंच्या कानात म्हटलं आणि त्यांनी दुकानदाराला सांगितलं, की परतताना नेतो. तो म्हणाला आठ दिवस ठेवीन, पुढं गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकीन.

पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आगगाडी, तिथून मोटारीनं अकोला, मग दोन गाड्या बदलून पुन्हा मोटार, आणि शेवटी घाट. घाटात मोटार वळली की पाटा आप्पांच्या मांडीवरून माझ्या पायावर यायचा. विहीणबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसून त्याला वळण आलं की सांगत होत्या. वर पोचलो तर खरंच गार वारं होतं, आणि दरीतून ढग बायकांनी धुणं वाळत घालावं तसे झाडांवर पडलेले. आम्ही एका गवळ्याची दोन खोल्यांची झोपडी पाच दिवसांसाठी घेतली. मागं कॉफीचा मळा, आणि मळ्याच्या टोकाला एका म्हाताऱ्या मडमेचा बंगला. विहीणबाईंनी पहिल्या दिवशी थंडी मान्यच केली नाही. दात वाजत होते, तरी म्हणायच्या, “उष्णता बाहीर पडायलीय, म्हणून हलायलेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अंगणात पाटा मांडून शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली. तो आवाज कसला म्हणून मडमबाई कुंपणापाशी आल्या. डोक्यावर टोपी, हातात काठी. विहीणबाईंनी उठून चिमूटभर चटणी त्यांच्या हातावर ठेवली. मडमबाईंनी ती जिभेला लावली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या काहीतरी इंग्रजीत म्हणाल्या आणि निघून गेल्या. “आवडली,” विहीणबाई म्हणाल्या. तासाभरानं बंगल्यावरचा म्हातारा माळी एक मोठा चिनी मातीचा वाडगा घेऊन आला. पांढराशुभ्र, काठाला निळी फुलं, आणि आकारानं इतका मोठा की त्यात आमच्या मुलीला आंघोळ घातली असती. त्यात हिरवट करड्या रंगाचे सुके दाणे होते. “मडमसाहेबानं धाडलं,” माळी म्हणाला. “कॉफी हाय.”

मी मावशींना सांगितलं की साहेबलोक हे भाजून, कुटून, उकळून पितात. त्यांनी एक दाणा उचलून उलटासुलटा पाहिला. एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं चपटा, मधे रेघ. “पोरी, हे कडधान्य हाय,” त्या म्हणाल्या. “मधी रेघ असली की डाळ पडती. इंग्रजाला उसळ करता येत न्हाई म्हणून उकळून पितो बिचारा.” आणि त्यांनी पातेलंभर दाणे भिजत घातले.

मग वाडग्याचा प्रश्न आला. रिकामा तर पाठवायचा नव्हता. घरून आणलेले बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे, पाच दिवसांचे, सगळेच्या सगळे त्यात गेले तरी काठ दिसतच होता, म्हणून वर चिवडा रचला. माळी घेऊन गेला. आम्ही हात धुऊन बसलो तोच संध्याकाळी वाडगा परत. पुन्हा काठोकाठ कॉफी. विहीणबाईंनी कमरेला पदर खोचला. मला म्हणाल्या, “बाई मोठ्या मनाची हाय. आता आपल्याला कमी पडून चालायचं न्हाई.”

पण घरून आणलेलं सगळं संपलं होतं, आणि डोंगरावरच्या एकुलत्या एका दुकानात तूप-साखरेचा भाव असा की विचारणाऱ्यानं आधी खाली बसावं. आप्पांच्याकडे परतीचं भाडं होतं, त्याला हात लावता येत नव्हता. विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. “पोरी, तुझ्याकडचे दोन रुपये दे. मडमेचं भांडं हाय. रिकामं गेलं तर आपल्या मुलखाची काय अब्रू ऱ्हाईल?” मला म्हणायचं होतं की, मावशी, ते मशीनचे आहेत. ते वाक्य माझ्या तोंडात आलं, ओठापर्यंत आलं, आणि तिथंच लाजून उभं राहिलं. मी पिशवीची शिवण उसवली. त्या दिवशी शेवयांची खीर गेली. तिसऱ्या दिवशी कॉफी आली आणि तीन रुपये घेऊन सांज्याच्या पोळ्या गेल्या. चौथ्या दिवशी कॉफी आली आणि चार रुपये घेऊन पुरणपोळ्या गेल्या, वर तुपाची वाटी. पाटा दिवसभर घरघरत होता. थंड हवा खायला आलेल्या आम्ही दोघी चुलीपुढं घामानं निथळत होतो, आणि आम्हाला जेवायला भाकरी आणि मिरची, कारण बाकी सगळं वाडग्यात. आप्पा नुसते “बरं” म्हणून वाडगा उचलून कुंपणापाशी माळ्याच्या हाती देत. मी चुलीपुढं बसून मनात वजाबाकी करत होते. पंचवीसातून नऊ गेले. सोळा रुपयांत मशीन कोण देणार, आणि पुन्हा नऊ जमायला किती झबली शिवावी लागतील, याचा हिशेब चौथी शिकलेल्या बाईलासुद्धा येतो.

इकडे भिजत घातलेल्या दाण्यांना मोड येईनात. विहीणबाईंनी ते फडक्यात बांधले, चुलीजवळ ठेवले, शाल पांघरली, शेवटी आपल्या उशाला घेऊन निजल्या. मोड नाहीच. “डोंगरावरलं धान्य हाय, आळशी असतंय,” असं म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी तशीच उसळ केली. कांदा, लसूण, खोबरं, घरचा काळा मसाला, आणि भरपूर रस्सा. मी एक दाणा तोंडात घातला. चप्पल चावल्यासारखं वाटलं, आणि कडू तर इतकं की डोळे मिटले. विहीणबाईंनी स्वतः एक घास घेतला, जरा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्यांना वाढ.” आप्पांनी दाणे बाजूला सारले आणि दोन वाट्या रस्सा भाकरीशी कुस्करून खाल्ला. मग तिसरी वाटी पिऊन टाकली.

अर्ध्या तासानं आप्पा बोलू लागले. आधी मला वाटलं बाहेर कोणी आलं. ते खोलीत फेऱ्या मारत होते आणि बोलत होते. कापसाचं बी कुणी बदललं, शेजाऱ्यानं बांध कसा कोरला, थोरल्या लेकीच्या लग्नात बुंदी कामून कमी पडली, हे सगळं. वीस-तीस वर्षांचं सगळं आत नीट घडी करून ठेवलेलं होतं. “तो खिलारी मला घ्यायचा न्हवता,” आप्पा म्हणाले. “त्याचं डावं शिंग मला तवाच आवडलं न्हवतं. तू म्हणलीस घ्या. मी बरं म्हणलो. आन् तुपली, तुझ्या हातची चटणी तिखट असती. लय तिखट असती. मी कधी बोललो का?” विहीणबाई पळी हातात धरून तशाच बसल्या होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी त्यांनी बारीक आवाजात विचारलं, “मग बोलला का न्हाईत इतकी वर्सं?” आप्पा थांबले. “लग्नात तू घास भरवलास, तवा मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्या वक्ताला तू अख्खा लाडू आत कोंबलास. तवा म्हणलं, ह्या बाईपुढं तोंड उघडायचं काम न्हाई.” मग म्हणाले, “लाडू मातर चांगला हुता.” आणि पुन्हा फेऱ्या मारू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते बोलत होते. गवळ्याच्या म्हशीशीसुद्धा बोलले.

पाचव्या दिवशी निघायचं म्हणून विहीणबाई स्वतः वाडगा घेऊन बंगल्यावर निघाल्या, मडमेचा निरोप घ्यायला. वाडग्यात उरल्यासुरल्या रव्या-तुपाचा शेवटचा शिरा. मी आपली मागं. जाऊन बघतो तर पुढच्या दाराला हे एवढं कुलूप, खिडक्यांना फळ्या. मागच्या पायरीवर माळी बसला होता. मांडीवर पळसाच्या पानात पुरणपोळी, आणि तो ती लहान मूल खातं तशी कडेकडेनं खात होता. आम्हाला पाहून तो उठला तो पोळीसकट उठला. मडमबाई चटणी चाखली त्याच दिवशी दुपारी खाली गेल्या होत्या, महिनाभरासाठी. पहिला वाडगा तेवढा त्यांनी धाडलेला. पुढचे सगळे माळ्यानं मळ्यातल्या साठ्यातून भरले होते.

“काहून असं केलं बापा?” मी नाही, विहीणबाईंनी विचारलं. त्याचीच बोली त्याच्याशी बोलायला त्यांना पाच दिवस पुरले होते.

माळ्यानं खाली मान घातली. “माय, चार वर्सं झाले घरवाली जाऊन. इथं एकला राहतो. मडमसाहेब पाव खाते. लाडू आले तवा म्या एक खाल्ला, मले रडूच आलं. मंग म्हटलं, आपल्याकडच्या बायका हायेत, वाडगा भरून धाडला तं रिकामा येनार न्हाई.”

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. नऊ कलदार रुपये, माझं मशीन, सगळं त्या पायरीवर बसून खाल्लेलं. विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पोळीकडे पाहिलं. “पुरन आंबलं न्हाई ना?” त्यांनी विचारलं. “न्हाई माय.” “तूप पुरलं?” “पुरलं.” मग त्यांनी शिऱ्याचा वाडगा पायरीवर ठेवला, आणि त्याला समोर बसवून खायला लावला. तो खाईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. परतताना कॉफीच्या झाडांमधून चालताना एवढंच म्हणाल्या, “मडमेच्या पोटात गेलं असतं तर वाया गेलं असतं. तिच्या डोळ्याला चटणीनंच पाणी आलं.” दहा पावलं गेल्यावर न बघता म्हणाल्या, “तुपले नऊ रुपये मी देणार हाय.”

अकोल्याला त्या मशीनच्या दुकानाच्या पायरीवर विहीणबाई सकाळपासून मोटारीच्या वेळेपर्यंत बसल्या. सोळा रुपयांत द्या, बाकीचे मागून देते, असं म्हणून पाहिलं. मग नऊ रुपयांच्या बदल्यात अर्धं पोतं कॉफी देऊ केली. दुकानदार नको म्हणाला. मग त्यांनी आप्पांच्या मांडीवरचा पाटा-वरवंटा उचलला आणि दुकानाच्या फळीवर ठेवला. “हा ठेवून घ्या. माझ्या आईचा हाय.” दुकानदार हसला, आणि मग त्यांचं तोंड पाहून हसायचा थांबला. पण मशीन काही दिलं नाही. त्याचंही चूक नव्हतं. पाटा घेऊन तो काय करणार? मी मान खाली घालून उभी होते. मशीनचं चाक दिसू नये म्हणून मी रस्त्याकडे तोंड केलं. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर पोतं उघडून जकातीच्या कारकुनानं विचारलं, “माई, ये क्या है?” विहीणबाईंनी थकलेल्या आवाजात सांगितलं, “कडधान्य है साब. तीन दिन भिगाया, मोड नहीं आया.” त्यानं एक दाणा चावला, थुंकला, आणि जकात न घेता जाऊ दिलं. ती कॉफी पुढं बोरीला घराच्या माळ्यावर पडून राहिली. जाऊबाई सांगत की, वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, विहीणबाई मूठभर दाणे उकळून आप्पांना वाटीभर रस्सा देतात आणि समोर बसून दिवसभर ऐकतात.

माझे पैसे त्यांनी आप्पांच्या शेतीतून दिले नाहीत. घेतले त्यांनी, तर द्यायचेही त्यांनीच. म्हशीचं लोणी विकून, कापूस वेचून, एक रुपया जमला की त्याचा कलदार करून घ्यायच्या, पदराच्या टोकाला बांधून पूर्णेला यायच्या, आणि एक रुपया द्यायला आलेली बाई चार दिवस राहायची. त्या चार दिवसांत घराची दशा काय व्हायची ते सांगवत नाही. एका रुपयाच्या वेळी त्यांनी स्टेशनमास्तरांच्या टोपीला उष्णतेवर लोणी लावलं. दुसऱ्याच्या वेळी सासूबाईंशी भांडून त्या अंगणात वेगळी चूल मांडून बसल्या, आणि संध्याकाळी सासूबाईंनाच जेवायला बोलावलं. मी त्या गेल्या की दोन दिवस निजून असायची. तिसऱ्या दिवशी घर फार मोठं वाटायचं.

दोन वर्षांनी मला बदली झालेल्या एका गार्डाच्या बायकोकडून जुनं मशीन मिळालं. वेल नव्हती, पण चालायचं. माझे सोळा, त्यांनी फेडलेले, आणि झबल्यांचे मिळून पैसे पुरले. आता मला त्या रुपयांची घाई राहिली नव्हती. उलट ते संपतील याची भीती वाटायला लागली, कारण नुसतं भेटायला म्हणून विहीणबाई माझ्याकडे कशाला येतील? मी काही बोलणारी नाही, हसवणारी नाही. त्यांची लेकही तोवर दीरांच्या बदलीबरोबर जालन्याला गेली होती. सहावा रुपया त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, “किती झाले गं?” मी कधी खोटं बोलत नाही. “पाच,” मी म्हटलं. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “पाच तर पाच,” म्हणाल्या आणि पाटा मांडून बसल्या.

मग गडबडीचं वर्ष आलं. माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात जायला लागली, गाड्यांचा भरवसा राहिला नाही, आणि आठ-नऊ महिने बोरीहून कोणी आलं नाही. मी रोज गाडीच्या वेळी दारात उभी राहायची. पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं, आणि दिवाळीच्या आधी विहीणबाई आल्या. पाटा आणला नव्हता. गुडघे सुजले होते, आणि गाडीतून त्यांना आप्पांनी आणि एका हमालानं मिळून उतरवलं. रात्रभरापुरत्याच आल्या होत्या. सकाळी निघताना त्यांनी पदराची गाठ सोडून रुपया माझ्या हातावर ठेवला.

“राज्य बदललं, हाली चालतो का न्हाई कोण जाणे. हा कलदारच हाय,” त्या म्हणाल्या. “आता माझ्यानं गाडीची पायरी चढवत न्हाई, पोरी. म्हणून उरकून टाकला.”

“नववा,” मी म्हटलं.

“दहावा. नऊ घेतले हुते. तू सहाव्याला पाच म्हणलीस ते मला तवाच कळलं हुतं.”

मी रुपया पुढं केला, म्हटलं मग हा घ्या परत. त्यांनी माझी मूठ मिटली.

“ऱ्हाऊ दे. तू पाच म्हणलीस म्हणून मला एक बार जास्त येता आलं. मी तरी आनखी कोणतं निमित काढणार हुते?”

आप्पा म्हणाले, “बरं.” हमालानं आणि मी त्यांना धरून डब्यात चढवलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर होते. घरी येऊन मशीनच्या खणातली डबी काढून मशीन घेतल्यानंतर आलेले मोजले, हातातला त्यात टाकला. माझे सगळे पैसे फिटले. एक रुपया वर आला.